नऊ दात, चिकट पाय आणि न उघडलेला बॉक्स

या वेळी डिझायनर व्हायनील टॉईज, म्हणजे कलाकारांनी घडवलेल्या मऊ प्लॅस्टिकच्या (पीव्हीसीच्या) पात्रांबद्दलचे प्रश्न इतके आले की अख्खा कॉलम त्यालाच दिलाय. ठाण्याची पत्रं आहेत तशी खाडीपलीकडचीही आहेत.

ताई, माझा मुलगा 26 वर्षांचा आहे, ऐरोलीला आयटीत आहे. आमच्या हॉलमधलं शोकेस त्याने बाहुल्यांनी भरून टाकलंय, एकेक चार-पाच हजारांची. आधी तिथे सासूबाईंचं तांब्याचं घंगाळ होतं. विचारलं की म्हणतो, आई हे आर्ट आहे. हे खरंच काही असतं का? आणि मुलीचा दीड वर्षांचा मुलगा येतो, त्याच्या हातात दिलं तर चालेल का?
– एक आई, घोडबंदर रोड

काकू, मुलगा खरं बोलतोय. ही लहान मुलांची खेळणी नव्हेतच, ही चित्रकारांनी आणि शिल्पकारांनी स्वतःच्या डोक्यातून काढलेली पात्रं आहेत, मोजक्या संख्येत बनवलेली, आणि बहुतेकांच्या मागे ना सिनेमा ना कार्टून. हे सगळं साधारण नव्वदच्या दशकाच्या शेवटी हाँगकाँग आणि टोकियोत सुरू झालं. हाँगकाँगच्या मायकेल लाऊने 1999 मध्ये 'गार्डनर' नावाची बारा इंची पात्रं प्रदर्शनात मांडली, स्केटबोर्डवाली, कानात बाळी, ढगळ पँट, म्हणजे त्याच्या आजूबाजूची रस्त्यावरची पोरंच ती. त्याच साली न्यूयॉर्कचा कॉज, जो आधी भिंतींवर ग्राफिटी करायचा, त्याने टोकियोच्या बाउंटी हंटर या दुकानाबरोबर 'कम्पॅनियन' काढला, डोळ्यांच्या जागी फुल्या असलेला. मग 2001 ला जपानच्या मेडिकॉम टॉय कंपनीने बेअरब्रिक नावाचं अस्वल आणलं, 2002 ला अमेरिकेत अशी पात्रं काढणारी किडरोबॉट कंपनी सुरू झाली. बेअरब्रिकचं तर गणितच मजेशीर आहे, 100 टक्के म्हणजे 7 सेंटीमीटर, 400 टक्के म्हणजे 28, आणि 1000 टक्के म्हणजे 70 सेंटीमीटर, आकार तोच आणि अंगावरचं चित्र दर वेळी नव्या कलाकाराचं.

एक काम करा, मुलाला म्हणा तुझी सगळ्यात आवडती माझ्या हातात दे. पाय उलटा करून बघा, तिथे बहुतेक वेळा कलाकाराचं नाव, कंपनी आणि साल कोरलेलं असतं. मग डोकं हळूच फिरवून मानेजवळची सांधेजोड बघा, डोळ्याची कडा बघा, रंग रेषेबाहेर गेलाय का बघा. आणि त्याला विचारा हीच का घेतलीस. कलाकाराचं नाव घेऊन दहा मिनिटं बोलला तर तो कलेक्टर आहे, आणि नुसती किंमत सांगितली तर मग पैशांबद्दल बोलायला हरकत नाही. घंगाळ मात्र परत शोकेसमध्येच आलं पाहिजे, एक कप्पा तुमचा असा सरळ करार करा, चांगल्या कलेक्शनला मोकळी जागा लागतेच, गच्च भरलेल्या शोकेसमध्ये एकही नीट दिसत नाही.

नातवाला अजिबात देऊ नका. या बॉक्सवर बहुतेक वेळा 15 प्लस लिहिलेलं असतं ते उगाच नाही, छोटे सुटे भाग असतात, टोपी, हातातली वस्तू, कान. आपल्याकडे 1 जानेवारी 2021 पासून 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय मार्क सक्तीचा आहे, त्याच्यासाठी तो मार्क बघून वेगळं खेळणं घ्या.

वाशी स्टेशनबाहेर 350 रुपयांना लाबुबू घेतला, बॉक्स एकदम ओरिजिनलसारखा आहे. कॉलेजमध्ये सगळे म्हणतायत फेक आहे. कसं ओळखायचं?
– एक विद्यार्थिनी, नेरुळ

फेक आहे गं, न बघताच सांगते. लाबुबू म्हणजे फरवाल्या अंगाचा, दात दाखवत हसणारा छोटा राक्षस, चीनमध्येच त्याचा बॉक्स 99 युआनला विकला जातो, म्हणजे हजार-बाराशे रुपये तिथेच झाले, वर शिपिंग आणि खेळण्यांवरची कस्टम्स ड्युटी, जी 2023 च्या बजेटमध्ये 60 वरून 70 टक्के झाली. 350 मध्ये तो वाशीला पोचूच शकत नाही.

ओळखायचं तर आधी दात मोज. खऱ्याला नऊ असतात, आणि दहा किंवा आठ निघाले तर विषय संपला. पण हल्ली नकली बनवणारेही नऊच काढतात, म्हणून तेवढ्यावर थांबू नकोस. चेहरा व्हायनीलचा आहे, तो बोटाने चाचप, खऱ्याचा रंग मॅट आणि फिकट असतो, नकलीचा चकचकीत किंवा डार्क. जिथे फर चेहऱ्याला भिडते तिथे गोंद दिसतो का बघ. नवीन सीरिजमध्ये पायावर असा शिक्का असतो जो फक्त यूव्ही टॉर्चखाली दिसतो, आणि बॉक्सवरचा कोड कंपनीच्याच साईटवर उघडतो का ते बघ, सेम दिसणाऱ्या दुसऱ्या साईटवर नाही.

या नकलींना जगभर 'लाफुफू' म्हणतात, आणि बऱ्याच जणी जाणूनबुजून तेच बॅगला लावतात. तुला आवडलाय तर लाव, कॉलेजमध्ये लपवायचं काही कारण नाही. फक्त पुढे कुणाला ओरिजिनल म्हणून विकू नकोस, आणि वास फार उग्र येत असेल तर घरातल्या लहान भावंडांपासून लांब ठेव. आणि हो, लाबुबू तो विकणाऱ्या पॉप मार्ट या चिनी कंपनीच्या कुठल्या मीटिंगमध्ये जन्मलेला नाही. कासिंग लुंग नावाचा हाँगकाँगमध्ये जन्मलेला आणि नेदरलँड्समध्ये वाढलेला चित्रकार आहे, त्याने 2015 मध्ये उत्तर युरोपातल्या लोककथांवरून 'द मॉन्स्टर्स' ही सगळी टोळी काढली, त्यात लाबुबू एक. पॉप मार्ट आली 2019 ला, आणि 2024 मध्ये ब्लॅकपिंक या कोरियन बँडच्या लिसाच्या बॅगला तो दिसल्यावर सगळं जग वेडं झालं. त्याची जुनी चित्रं शोधून बघ, तुला तुझ्या बॅगवरचा वेगळाच दिसायला लागेल.

सहाच्या सेटमधले चार आलेत, उरलेले दोन येतच नाहीत, डबलच निघतायत. सिक्रेट तर लांबच. अजून किती बॉक्स घेऊ?
– कोपरी, ठाणे

आता एकही नको घेऊस. या बंद बॉक्समध्ये सेटमधलं कुठलं पात्र आहे हे उघडल्याशिवाय कळत नाही, म्हणून हिशोब सांगते. सहा प्रकार, सुटे बॉक्स, प्रत्येक येण्याची शक्यता सारखी धरली तर पूर्ण सेट व्हायला सरासरी 14-15 बॉक्स लागतात, आणि शेवटच्या एकासाठीच सरासरी सहा. सिक्रेट, म्हणजे सेटच्या सहांपलीकडचं दुर्मिळ पात्र, त्यासाठी 1/72 लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ 72 घेतले की मिळणारच असा नाही, सुटे 72 घेऊनही दर तीनात एकाच्या वर माणसं रिकाम्या हाताने राहतील.

त्यापेक्षा सहा जण मिळून सील केस, म्हणजे सहा बॉक्सचा न फोडलेला खोका, घ्या, त्यात सहसा सहाही वेगळे निघतात, मग आपसात अदलाबदल. ट्रेडिंग हा या छंदातला सगळ्यात गोड भाग आहे, माझे कितीतरी मित्र त्यातूनच झालेत. तलावपाळीला कट्ट्यावर बसून दोन अनोळखी माणसं आपापल्या डबलच्या पिशव्या उघडतात आणि तासाभराने एकमेकांच्या घरी जेवायला जायचं ठरवतात, हे मी बघितलंय. नियम दोनच, डाग किंवा ओरखडा असेल तर आधी दाखवायचा, आणि लहान मुलाला भुलवून महागडा पीस काढून घ्यायचा नाही. दुकानात बॉक्स हलवून, वजन करून बघणारे असतात, ते मला पटत नाही, मागून येणाऱ्यासाठी उरलेलेच उरतात.

मी कळव्याला राहतो, शिल्पकला शिकतोय. स्वतःचं पात्र बनवून विकायचंय. व्हायनीलच पाहिजे का?
– एक विद्यार्थी

या पत्राने मला सगळ्यात जास्त आनंद झाला रे. आपल्याकडे विकत घेणारे खूप झाले, बनवणारे हवेत.

व्हायनीलपासून सुरुवात करू नकोस, साच्यालाच खूप पैसे लागतात. जपानमध्ये ज्याला सोफुबी म्हणतात त्याची रीत अशी की आधी मेणाचा मास्टर, त्यावर इलेक्ट्रोप्लेटिंगने धातूचा साचा, त्या साच्यात पातळ पीव्हीसी ओतायचं आणि साचा गरम तेलात बुडवायचा, भिंतीलगतचा थर शिजतो, आतलं उरलेलं ओतून काढायचं, परत गरम करायचं आणि मऊ असतानाच पक्कडीने ओढून बाहेर काढायचं. गार पाण्यात पडलं की पुन्हा आपल्या आकारात. म्हणूनच मोठ्ठं डोकं मानेच्या एवढ्याशा तोंडातून बाहेर येऊ शकतं. एकदा हे कळलं की सांधे कुठे द्यायचे हे डिझाईन करतानाच सुचायला लागतं.

तू रेझिनपासून सुरू कर. क्लेमध्ये मूर्ती, त्यावर सिलिकॉनचा साचा, त्यात दोन भागांचं पॉलियुरेथेन रेझिन, म्हणजे दोन द्रव मिसळले की घट्ट होणारं प्लॅस्टिक. क्लेमध्ये गंधक असेल तर प्लॅटिनम क्युअर सिलिकॉन सेट होत नाही, चिकटच राहतं, तेव्हा क्ले घेतानाच विचारून घे. पावसाळ्यात कास्टिंग टाळ, हे रेझिन हवेतल्या ओलाव्याशी रिअ‍ॅक्ट होऊन आत बुडबुडे धरतं, आणि आपल्या खाडीकाठच्या हवेत जुलैमध्ये तर विचारायलाच नको. दिवाळीनंतर काम काढ. केमिकलचा वास अडवणारा कार्ट्रिजवाला मास्क आणि नायट्राईलचे ग्लोव्हज लागतातच, साधा कापडी मास्क कामाचा नाही. पॉलिश पेपर पाण्यात भिजवून मार म्हणजे धूळ उडणार नाही.

आणि एखाद्या गणपतीच्या कारखान्यात जाऊन बस, पेणला गेलास तर उत्तमच. रबरी साच्यातून मूर्ती काढल्यावर सांध्याची रेघ कशी घासतात, डोळ्यांची आखणी करणारा माणूस हात कुठे टेकवतो, हे तिथे जितकं शिकशील तितकं व्हिडिओ बघून नाही. पहिली आवृत्ती दहाचीच काढ, नंबर टाक, आणि पहिली कधीच विकू नकोस.

खारघरला पश्चिमेकडे तोंड असलेला फ्लॅट आहे. कपाटात जपून ठेवलेली व्हायनीलची पात्रं दोन वर्षांनी काढली तर चिकट झालीत, एक पाय वाकून पुढे झुकलंय, पांढरं होतं ते पिवळं पडलंय. वाचतील का?
– एक कलेक्टर

बरंचसं वाचेल. पीव्हीसी मुळात कडक असतं, ते मऊ व्हावं म्हणून त्यात प्लॅस्टिसायझर नावाचं तेलकट द्रव्य घालतात, उष्णतेने आणि काळाने तेच हळूहळू पृष्ठभागावर येतं, तो तुमचा चिकटपणा. हवाबंद ठेवलं की ते जाणार कुठे, तिथेच साचतं. कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब, लहान मुलांचा मऊ टूथब्रश, हलक्या हाताने धुवा, मानेतून आत पाणी गेलं तर डोकं काढून उलटं ठेवा आणि पंख्याखाली पूर्ण वाळू द्या. थिनर, अ‍ॅसिटोन, नेलपॉलिश रिमूव्हर, स्पिरिट यातलं काहीच लावू नका, आधी रंग जाईल. धुतल्यावर काही महिन्यांनी पुन्हा चिकट होऊ शकतं, पुन्हा धुवायचं, इतकंच.

कपाटात डांबराच्या गोळ्या असतील तर आजच काढा, त्यांच्या वाफेने प्लॅस्टिक मऊ पडतं. थर्माकोलला थेट टेकवूनही ठेवू नका, प्लॅस्टिसायझर थर्माकोलला खातं आणि दोन्ही एकमेकांना चिकटतात. दोन पात्रं एकमेकांना टेकली तर एकाचा रंग दुसऱ्यावर उतरतो, मध्ये बोटभर अंतर हवं.

वाकलेल्या पायाला चांगलं कडत पाणी, उकळतं नाही. पाय मऊ झाला की हाताने सरळ करा आणि धरूनच बर्फाच्या पाण्यात घाला, गार होईपर्यंत सोडायचं नाही. रंगवलेला भाग पाण्याबाहेर राहील असं बघा.

पिवळेपणा मात्र पूर्ण जात नाही. ब्लीचचे उपाय लोक सांगतात, मी तुम्हाला ते करू देणार नाही, रंगाची वाट लागते. पुढचं तरी थांबवा, दुपारनंतरचं ऊन पडतं त्या भिंतीवरून कपाट हलवा, आत एलईडी लावा, जुना हॅलोजन नको. जून ते सप्टेंबर कपाटात सिलिका जेल ठेवा आणि महिन्यातून एकदा बदला, ते पात्रांपेक्षा पुठ्ठ्याच्या बॉक्ससाठी जास्त गरजेचं, बुरशी आधी तिथेच धरते. आणि दार आठवड्यातून एकदा तरी उघडा.

इन्व्हेस्टमेंट म्हणून घ्यावं का? मित्र म्हणतो लाबुबू कोटीला गेला.
– सानपाडा

जून 2025 मध्ये बीजिंगच्या लिलावात माणसाएवढा एक लाबुबू 10 लाख 80 हजार युआनला गेला, म्हणजे सव्वा कोटीच्या पुढे, हे खरं आहे. पण तो लिलावाचा मोठा पीस होता, बॅगला लावायचा बॉक्समधला नव्हे. कंपनीने तीच सीरिज परत छापली की रिसेलचा भाव बसतो, आणि ते कधी होईल हे तुमच्या हातात नाही. म्हणून पैसे वाढवायला घेऊ नका. भाव शून्यावर आला तरी जो तुम्हाला घरात हवा असेल तोच घ्या. तरी कधी विकावं लागलंच तर बॉक्स, आतलं कार्ड, फॉईलचं पाकीट आणि बिल चारही सांभाळून ठेवलेलं असू द्या, खरेदी करणारा पहिल्यांदा तेच मागतो.