दुसरा डॉक्टर आहे का, ते आधी विचारा

ताई,

तुमच्या डॉक्टर लेकीचं सातपुड्यातल्या अक्कलकुवा तालुक्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातलं बंधपत्राचं, म्हणजे शिक्षणानंतरच्या सक्तीच्या सरकारी सेवेचं, वर्ष संपत आलंय, तिला तिथेच नोकरी पुढे चालू ठेवायचीय आणि घरी पुण्याच्या इंजिनिअर मुलाचं स्थळ सांगून आलंय. ‘रात्री-अपरात्री धावायचं तर संसार कधी करणार?’ असं तुम्ही विचारता.

काळजी रास्त आहे. माझी एक विद्यार्थिनी अशाच केंद्रात आहे. तिच्या क्वार्टरवर जेवायला गेले होते. कुकरची दुसरी शिट्टी झाली आणि सिस्टर दारात, “मॅडम, पाड्यावरून बाळंतपणाची बाई आलीय.” गॅस बंद करून ती गेली. आम्ही जेवलो साडेअकराला. त्या धावपळीबद्दल तिची तक्रार नव्हती. दुसऱ्या डॉक्टरचं पद रिकामं होतं, महिनाभर प्रत्येक रात्र तिच्याच अंगावर, त्याने ती खचली होती. दुसरे वैद्यकीय अधिकारी रुजू झाले, रात्री वाटून घेतल्या, आणि आज दोन वर्षांच्या लेकीसह ती तिथेच आहे.

म्हणून मुलीच्या सहनशक्तीची नको, केंद्राची परीक्षा घ्या. आदिवासी, डोंगरी भागात एका केंद्रामागे साधारण २०,००० लोकसंख्या धरतात आणि डॉक्टरांची सहसा दोन पदं मंजूर असतात. दोन्ही भरलेली आहेत का? क्वार्टरला पाणी आहे का, रात्री आवारात दिवा आणि शिपाई असतो का? एकदा स्वतः जाऊन राहून या.

नेमणूक कोणती, तेही बघा. राज्य सरकारच्या नियमित सेवेत १८० दिवसांची प्रसूती रजा आहे, शिवाय मूल १८ वर्षांचं होईपर्यंत वापरता येणारी १८० दिवसांची बालसंगोपन रजा. कंत्राटी आदेशात अटी वेगळ्या असतात. रजेचं कलम वाचल्याशिवाय सही नको.

आता स्थळ. मुली माझ्यापाशी डॉ. राणी बंग यांचं नाव घेतात, आणि घ्यावंच. पण १९८६ पासून गडचिरोलीत त्या आणि डॉ. अभय बंग दोघंही आदिवासींच्या आरोग्याच्या एकाच कामात होते, हे या मुली विसरतात. तुमचे होणारे जावई पुण्यात आणि मुलगी सातपुड्यात, तर मूल कुणाजवळ राहणार, बदली कोण मागणार, हे साखरपुड्याआधी स्पष्ट बोलायला हवं. ‘लग्नानंतर बघू’ म्हणाले, तर ती तडजोड तुमच्या मुलीच्याच वाट्याला येणार हे धरून चाला. मुलाला दोन दिवस केंद्रावर बोलवा. तिची ड्युटी असेल अशाच रात्री.