श्रद्धा आहे, तरी भीती का जात नाही?

‘मॅडम, देवावर एवढा विश्वास आहे, तरी भीती जात नाही. माझी श्रद्धाच कमी पडते का हो?’ हृदयविकाराचे रुग्ण हा प्रश्न मला वरचेवर विचारतात, डॉक्टरांना मात्र सहसा नाही. अशाच एका ताईंबद्दल सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

साठीच्या आसपास त्यांना हार्ट अटॅक आला, अँजिओप्लास्टी होऊन स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी बारीक जाळीची नळी) बसला. पुढचे रिपोर्ट चांगले होते. पण माझ्याशी बोलताना त्यांचा अंगठा डाव्या मनगटावरून हलत नव्हता. बोलता बोलता नाडी मोजणं चालू. (नाडी अंगठ्याने मोजू नये, त्याचे स्वतःचे ठोके मध्ये येतात.) पर्समधल्या वहीत आकडेच आकडे, आणि ५८ या आकड्याखाली लाल रेघ. मेटोप्रोलॉलसारखी बीटा ब्लॉकर गोळी नाडी संथ ठेवतेच, हे त्यांच्यापर्यंत पोचलंच नव्हतं.

प्रार्थनेचंही तेच. म्हणताना मन भरकटलं की पुन्हा पहिल्यापासून, नाहीतर ‘रात्री काहीतरी होईल’. नाडी बघायची, घाबरायचं, प्रार्थना करायची, जरा हायसं वाटलं की पुन्हा नाडी.

मी त्यांना म्हटलं, ‘ताई, श्रद्धा कमी नाही. तुम्ही देवाकडे हमी मागताय. ती मिळाल्यासारखी वाटते आणि तासाभरात पुन्हा मागावी लागते.’ इथेच हृदयरुग्णाची भीती वेगळी पडते. निरोगी माणसाला ‘तुम्हाला काही झालेलं नाही’ असं सांगता येतं. यांना खरंच झालेलं असतं. त्यामुळे मी खोटा दिलासा देत नाही. प्रार्थनेने धमनी मोकळी होते असंही सांगत नाही, आणि गोळ्या बंद करायला सांगणाऱ्या कुणाचंही ऐकू नका, हे ठणकावून सांगते. स्टेंटनंतर रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या मनानेच थांबवल्या तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते.

त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांकडून आम्ही एका कागदावर स्पष्ट लिहून घेतलं. छातीतला दाब काही मिनिटांत थांबला नाही, घाम फुटला, धाप लागली, कळ हाताकडे किंवा जबड्याकडे गेली, तर थेट रुग्णालय. बायकांमध्ये कधी नुसती मळमळ, धाप किंवा एकाएकी आलेला थकवाही असतो. अशा वेळी ‘भीतीनेच होत असेल’ असा अंदाज घरी बांधायचा नाही. एरवी नाडी डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळी, एकदाच. प्रार्थना रोज, पण मन भरकटलं तरी पुढे म्हणत राहायचं, मागे फिरायचं नाही. हे शेवटचं त्यांना सगळ्यात जड गेलं.

मग एक दिवस खरी गाठ सुटली. ‘सासूबाईंच्या आजारपणात मी चिडचिड केली. त्याचीच ही शिक्षा.’ हे बोलताना अंगठा मनगटावरून सुटला होता, दोन्ही हात पदरात. धर्म आणि मानसशास्त्र यांचे अभ्यासक केनेथ पार्गमेंट श्रद्धेच्या आधाराचे दोन प्रकार सांगतात. एकात माणूस देवाला सोबती मानतो, दुसऱ्यात देव शिक्षा करतोय किंवा त्याने टाकलंय असं धरून चालतो. दुसऱ्या प्रकारात यातना वाढलेल्या दिसतात. देव कसा आहे हे सांगणं माझं काम नाही, म्हणून मी एवढंच विचारलं, ‘तुमच्या लेकीने आजारपणात कंटाळून आवाज चढवला, तर तिला अटॅक यावा असं तुम्हाला वाटेल?’ त्या बराच वेळ रडल्या.

त्यानंतर आशेबद्दल बोलता आलं. तोवर त्यांची आशा एवढीच होती की पुन्हा काही होऊ नये. मानसशास्त्रज्ञ सी. आर. स्नायडर यांच्या मांडणीत आशेला ध्येय लागतं, तिथवर जायच्या वाटा लागतात आणि त्या वाटेने आपण जाऊ शकू असा विश्वासही लागतो. ताईंना नातीला सायकल शिकवायची होती. मागे धावायचं म्हणजे धडधड वाढणार, आणि धडधडीचीच तर धास्ती! हृदयरुग्णांच्या पुनर्वसन कार्यक्रमात देखरेखीखाली चालणं हळूहळू वाढवलं, तेव्हा वाढलेले ठोके विश्रांतीनंतर खाली येतात हे त्यांनी स्वतः अनुभवलं.

भीती पूर्ण गेलेली नाही. रात्री जाग आली की हात अजून मनगटाकडे जातो. शिक्षेचा विचारही अधूनमधून डोकावतो, त्यावर आमचं बोलणं चालू आहे. प्रार्थनेत मात्र आता त्या ‘काही होऊ देऊ नकोस’ऐवजी ‘सोबत राहा’ म्हणतात. नात सायकल चालवायला लागली आहे. वळण घेताना अजून पडते.