अमेरिकेत चर्चला टॅक्स लावला तर म्हाताऱ्यांना फुकट उपचार मिळतील का? तिथल्या रिटायर्ड लोकांना काय वाटतं?

मी न्यू जर्सीत राहते, हॉस्पिटलच्या बिलिंगमधून रिटायर झालेय, त्यामुळे या विषयावर मनापासून लिहिते. सीनियर सेंटरला आम्ही जेवायला जमतो तिथे हा वाद वर्षातून दोनदा हमखास पेटतो, एकदा प्रॉपर्टी टॅक्सचं बिल आलं की आणि एकदा ऑक्टोबरात मेडिकेअरचे, म्हणजे म्हाताऱ्यांच्या सरकारी आरोग्य विम्याचे, प्लॅन बदलायची वेळ आली की.

आधी हे की मेडिकेअर फुकट नसतं. नोकरीत असताना पगारातून १.४५ टक्के कापतात, कंपनी तेवढेच घालते, असे १० वर्षं भरले की ६५ नंतर पार्ट ए म्हणजे हॉस्पिटलच्या भागाला हप्ता पडत नाही. पार्ट बी, म्हणजे डॉक्टर आणि तपासण्या, त्याला २०२५ साली महिन्याला १८५ डॉलर पडत होते, आणि हा हप्ता बहुतेकांच्या सोशल सिक्युरिटीतून, म्हणजे सरकारी पेन्शनमधून, परस्पर जातो. एवढं करून दात, चष्मा, कानाचं मशीन नेहमीच्या मेडिकेअरमध्ये बसत नाही, आणि उद्या अंथरुणाला खिळून नर्सिंग होममध्येच राहायची पाळी आली तर तो खर्चही नाही. आमच्या टेबलावरच्या लोकांना खरी धास्ती त्याची आहे, चर्चची नाही.

आता चर्च. बऱ्याच जणांचा राग प्रॉपर्टी टॅक्सवरून असतो, गावातली मोक्याची जागा, मोठं पार्किंग, आणि टॅक्स शून्य, इकडे पेन्शनवर जगणाऱ्या बाईला घर विकायची वेळ येते. राग समजतो मला. पण तो टॅक्स जातो शाळेला, गावाला आणि काउंटीला म्हणजे जिल्ह्याला, मेडिकेअरच्या तिजोरीत त्यातला एक डॉलर जात नाही, त्यामुळे उद्या चर्चला टॅक्स लावला तरी माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनचं बिल तेवढंच राहणार. शिवाय १९७० मध्येच सुप्रीम कोर्टाने न्यूयॉर्कच्या केसमध्ये ही माफी घटनेत बसते असं सांगितलंय. आणि आपल्या लोकांनी चर्चवर बोलताना लक्षात ठेवावं की आपली मंदिरं, गुरुद्वारे, मशिदी सगळी त्याच नियमात येतात. माझी इटालियन मैत्रीण दर आठवड्याला चर्चच्या फूड पँट्रीत, म्हणजे गरजूंना फुकट अन्न देतात तिथे, डबे भरते, ती म्हणते टॅक्स लावलात तर आधी हे बंद पडेल, आणि तिचं मला पटतं. मला खटकतं ते वेगळंच, महाराष्ट्र मंडळासारख्या संस्थेला दरवर्षी आयआरएसकडे, म्हणजे सरकारच्या टॅक्स खात्याकडे, जमाखर्चाचा फॉर्म भरावा लागतो, चर्चला आणि मंदिराला तो माफ आहे. टॅक्स घेऊ नका, पण हिशोब तरी उघडा ठेवा, दान देणाऱ्याला तो बघायला मिळालाच पाहिजे.

उलटं उदाहरण पेनसिल्व्हेनियातल्या आमिश लोकांचं, हा जुन्या पद्धतीनं शेती करून राहणारा ख्रिस्ती पंथ. १९६१ मध्ये व्हॅलेंटाइन बायलर नावाच्या शेतकऱ्याने सोशल सिक्युरिटीचा टॅक्स द्यायला धर्माच्या कारणावरून नकार दिला म्हणून सरकारने त्याचे नांगरटीचे घोडे जप्त केले होते, आणि मग १९६५ च्या ज्या कायद्यानं मेडिकेअर आलं त्याच कायद्यात त्यांना सूट मिळाली. ते हा टॅक्स भरत नाहीत आणि मेडिकेअर घेतही नाहीत, कुणी आजारी पडलं की समाज वर्गणी काढून बिल भरतो, पण घरादाराचा टॅक्स मात्र भरतात. मला हा व्यवहार सरळ वाटतो.

चर्च आणि आजारपण यांची खरी गाठ पडते ती धर्मसंस्थांच्या हॉस्पिटलात. तिथे माझं मत कडक आहे. नाव संतांचं, टॅक्स माफ, आणि गरिबाच्या मागे वसुलीवाले लावायचे हे मला मान्य नाही. इलिनॉयमध्ये अर्बाना गावच्या एका कॅथलिक हॉस्पिटलने २००२ मध्ये वर्षभरात फक्त ३०२ पेशंटना धर्मादाय सवलत दिली होती, तेवढ्यावर प्रॉपर्टी टॅक्स माफ होणार नाही असं राज्याच्या सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये सांगितलं, आणि बरोबर केलं. आमच्या टेबलावर चर्चला जाणारे न जाणारे सगळे या एका मुद्द्यावर एकत्र येतात.

तुमचे आईवडील इथे असतील तर हे ऐका. टॅक्स माफ असलेल्या हॉस्पिटलला आर्थिक मदतीची पॉलिसी ठेवावीच लागते आणि त्याची सूचना बिलावर छापावी लागते. ती बारीक अक्षरात कुठेतरी असते, मी काम केलं तिथे मागच्या पानावर असायची, लोक पुढचा आकडा बघून घाबरायचे आणि क्रेडिट कार्ड काढायचे. असं करू नका. पहिलं बिल आल्यापासून २४० दिवस अर्ज करता येतो, आणि पहिले १२० दिवस त्यांना कोर्टात जायला किंवा क्रेडिट रिपोर्ट खराब करायला परवानगी नाही. फोन करून "फायनान्शियल असिस्टन्सचा फॉर्म पाठवा" एवढंच म्हणायचं, आणि फॉर्म हातात येईपर्यंत हप्ते बांधून घ्यायला होकार द्यायचा नाही.