वरचा मजला आणि लॅब्राडोर

प्रश्न: सांगलीत गावभागात आमचं दुमजली घर आहे. खाली मी आणि ८१ वर्षांच्या सासूबाई राहतो, वरचा मजला भाड्याने देतो. जिना एकच, आमच्या दारावरून जाणारा. सध्या एक तरुण जोडपं विचारतंय. माणसं चांगली वाटली, दोघंही नोकरीला आहेत, पण सोबत लॅब्राडोर कुत्रा आहे. मी का-कू केल्यावर म्हणाले, ‘कायद्याने कुत्र्याला नाही म्हणता येत नाही.’ खरं का हे? आणि ठेवावं का त्यांना?
— एक वाचक

उत्तर: खरं नाही. त्यांनी ऐकलंय ते हाउसिंग सोसायट्यांबद्दल. सोसायटीने कुत्र्यांवर सरसकट बंदी घालू नये, असं भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या सूचनांमध्ये आहे. तुमच्या घराचा वरचा मजला कोणाला द्यायचा, ते तुम्हीच ठरवायचं.

मीही मिरजेत दोन खोल्या भाड्याने देते. मला लॅब्राडोरची काळजी वाटत नाही, दिवसभर घरी कोणी नसणार याची वाटते. लॅब्राडोर मायाळू खरा, पण नऊ ते सहा कोंडला की भुंकतो, दार ओरबाडतो, आणि ते ऐकायला खाली सासूबाई. तेव्हा दुपारी त्याला कोण बघणार, हे आधी विचारा. शक्य असेल तर ते आत्ता राहतात तिथे एकदा चहाला जा. दारांच्या खालच्या कडा बघा, वास घ्या. शेजारीण बोलतेच.

उत्तरं पटली तर द्या, पण तोंडी काही ठेवू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरू सांगेल तेच धरलं जातं, खोडून काढायचं काम तुमचं. अकरा महिन्यांच्या करारातच लिहा: हा एकच कुत्रा, जिन्यात साखळी, घाण केली तर त्यांनीच साफ करायची, रेबीजची लस दरवर्षी, दारं-रंगाची नुकसानी डिपॉझिटमधून. किल्ली देण्याआधी दारांचे फोटो काढून ठेवा. कुत्र्याचं म्हणून दरमहा जास्त भाडं मात्र घेऊ नका. पैसे भरतोय म्हटल्यावर ओरखड्यांचं कोणाला काही वाटत नाही. डिपॉझिट वाढवून घ्या.

गावभागात राहता म्हणून आणखी एक. २०१९ चा पूर तुम्हाला सांगायला नको. आयर्विन पुलाशी कृष्णेचं पाणी पंचेचाळीस फुटांच्या धोका पातळीकडे सरकायला लागलं की तुम्ही सासूबाईंना घेऊन कुठे जाणार? वरच ना? म्हणजे त्यांच्या घरात, त्या कुत्र्याशेजारी. त्याची तुम्हा दोघींशी ओळख असायलाच हवी. होकार देण्याआधी त्याला एकदा घरी आणायला सांगा. जिन्यातून वर-खाली करू दे, सासूबाईंच्या खाटेजवळ बसू दे.

सासूबाईंना विचारलंत का हो? पत्रात त्यांचं मत कुठेच आलं नाही.