स्वस्त यंत्रं बनवायची आहेत, पण पोट भरेल का?

प्रश्न : माझी मुलगी मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमचं जालन्यात छोटं वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक वेल्डिंग सेट, चार कामगार. गेल्या वर्षी तिच्या गटाने मका सोलायचं पायडलचं यंत्र केलं, कॉलेजात पहिला नंबर आला. तेव्हापासून तिने मनात घेतलंय की गरीब देशांतल्या लोकांसाठी स्वस्त यंत्रं बनवायची आणि त्यांची ड्रॉइंग सगळ्यांना फुकट द्यायची. कॅम्पसला, म्हणजे कॉलेजात येणाऱ्या कंपन्यांच्या मुलाखतींना, बसणार नाही म्हणते. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान विद्यापीठात गरिबांसाठी स्वस्त यंत्रं घडवणारी डी-लॅब आहे, तिचं नाव सारखं तोंडात असतं. हे करिअर आहे की समाजसेवा? उद्या स्थळ आलं तर मुलगी काय करते म्हणून सांगू?

उत्तर : नमस्कार. स्थळाचं आधी उरकून टाकू. ‘मशीन डिझाइनमध्ये आहे’ असं सांगा, त्यात खोटं काही नाही. आता मूळ प्रश्नाकडे येतो.

तुमची मुलगी जे करू म्हणते त्याचं जगातलं एक मोठं उदाहरण तुमच्याच गावाशी जोडलेलं आहे, हे तिला ठाऊक आहे का विचारा. गावोगावचा बोअरवरचा हापसा तुम्ही पाहिलेला आहे. १९७०च्या दशकापर्यंत बोअरवर बिडाचे पंप बसवत. मुळात ते एका घरापुरते बनवलेले, आणि इथे अख्खं गाव त्यांच्यावर दिवसभर तुटून पडायचं. सांधे झिजायचे, दांडे मोडायचे. त्या काळातल्या पाहणीत चारातले जवळपास तीन पंप बंद सापडले. यावर उपाय शोधायला सुरुवात झाली ती जालन्यात आणि सोलापुरात. पोलादाचा पंप, अनेक खिळींऐवजी एकाच खिळीवर फिरणारा दांडा, आणि सोलापूर पंपात दांड्याच्या टोकाला साखळी, म्हणजे आतला रॉड सरळ वर-खाली होतो, तिरका ओढला जात नाही. युनिसेफ, केंद्र सरकार आणि मद्रासचा रिचर्डसन अँड क्रुडास हा कारखाना यांनी याच सोलापूर पंपावरून ‘इंडिया मार्क २’ तयार केला. पुढे तो आफ्रिकेतल्या कितीतरी देशांत गेला.

त्याचं पेटंट कोणी घेतलं नाही. ड्रॉइंग खुली होती, त्यामुळे देशभरातल्या कारखान्यांना तो बनवता आला आणि किंमत आवाक्यात राहिली. पण नुसती ड्रॉइंग वाटून भागलं नाही. कोणी पातळ पत्रा वापरला, कोणी वेल्डिंग कच्चं सोडलं, तर तोच पंप सहा महिन्यांत खुळखुळा होणार. म्हणून भारतीय मानक ठरलं, आयएस ९३०१. माल कारखान्यातून बाहेर पडण्याआधी त्रयस्थाकडून तपासणी सुरू झाली. मुलीला फुकट वाटायचंय ना, खुशाल वाटू दे. फक्त वाटण्याच्या कामात माप, टॉलरन्स (मापात किती फरक चालेल ते) आणि तपासणीची पद्धत हे सगळं येतं, एवढं तिला कळू दे.

हा पंप गाजला तरी त्याची एक अडचण सुटली नव्हती. खाली सिलिंडरमधलं वायसर झिजलं की ते बदलायला सगळे पाइप एकेक करून वर ओढावे लागायचे. तिकाटणं, क्लॅम्प, चार माणसं, आणि तालुक्याहून येणारी गाडी. गाडी येईपर्यंत बाया लांबच्या विहिरीवर. मग ‘मार्क ३’ आला. त्यात पाइप रुंद केला, ६५ मिलिमीटरचा, म्हणजे पाइप जागेवर ठेवून आतला दट्ट्या तेवढा वर काढता येतो. पाइप महाग झाला, दुरुस्ती गावात आली. आफ्रिकेत केनिया आणि मलावीत घडलेला ‘आफ्रिदेव’ पंप तर जवळजवळ एका पान्यावर खोलता येईल असाच आखला. तोही खुल्या डिझाइनचा.

माझं सगळं सांगणं यात आलं. या क्षेत्रात पहिलं मॉडेल बनवणं हा सोपा भाग आहे, आणि कॉलेजातली बक्षिसं त्यालाच मिळतात. करिअर उभं राहतं ते पुढच्या कामावर. यंत्र बिघडलं तर कोण उघडेल, सुटा भाग कुठल्या दुकानात मिळेल, पैसे कोण देईल. हे विचारलंच नाही तर काय होतं त्याचा नमुना दक्षिण आफ्रिकेतला. मुलं चक्रावर खेळतील आणि त्यावर पाणी चढेल, असा ‘प्लेपंप’. फोटोत फार गोड दिसायचा. २००६ मध्ये त्याला अमेरिकेतून १ कोटी ६४ लाख डॉलरची आश्वासनं मिळाली. प्रत्यक्षात मुलं दिवसभर थोडीच खेळणार? शेवटी बायकाच ते जड चक्र हाताने ढकलताना दिसू लागल्या. बिघडलं की दुरुस्तीला गावात कोणी नाही. साध्या हापशाच्या कितीतरी पट खर्च करून हे झालं, आणि चारच वर्षांत ती मोहीम गुंडाळली गेली.

मक्याचं यंत्र आता कुठे आहे? वर्कशॉपच्या कोपऱ्यात, त्यावर गोणपाट टाकलेलं असेल, तर ते बाहेर काढा. भोकरदनकडच्या एखाद्या मका करणाऱ्या घरात सुगीभर ठेवा आणि मुलीला सांगा, बोलावल्याशिवाय दुरुस्तीला जायचं नाही. ते वापरतात की दोन दिवसांत भाड्याचं मळणीयंत्र बोलावतात, ते पाहू दे. भाड्याचं यंत्र तासाभरात काम उरकत असेल तर पायडल कोण मारणार? हा प्रश्न परीक्षकांनी विचारला नसणार. दुसरं, तिची ड्रॉइंग तुमच्या ओळखीच्या दुसऱ्या वर्कशॉपला द्या. तिला एकही फोन न करता तिथल्या फिटरला यंत्र जमलं तर ड्रॉइंग वाटण्याजोगी. नाहीतर पुन्हा काढायला लावा. तुमच्या घरात दोन लेथ आहेत, ही तिची फार मोठी शिदोरी आहे. आयआयटीतल्या बऱ्याच मुलांना ती नसते.

शिक्षणाचं. एमआयटीची डी-लॅब ही वेगळी पदवी देणारी शाखा नाही, तिथल्या विद्यार्थ्यांसाठी चालणारे ते अभ्यासक्रम आणि प्रकल्प आहेत. त्यासाठी घर गहाण टाकू नका. आयआयटी मुंबईत ‘सितारा’ हे ग्रामीण तंत्रज्ञानाचं केंद्र १९८५ पासून आहे. तिथे टेक्नॉलॉजी अँड डेव्हलपमेंट या विषयात एमटेक करता येतं, प्रवेश गेट या देशपातळीवरच्या परीक्षेतून, आणि गावात मुक्काम करून काम करणं हा अभ्यासक्रमाचाच भाग आहे. तुमच्या मुलीला माझी पहिली पसंती हीच. वस्तूच्या रचनेकडे अधिक ओढा असेल तर तिथलाच आयडीसी हा डिझाइनचा विभाग, त्याला सीड ही वेगळी प्रवेश परीक्षा. आणि या सुट्टीत तिला पाबळच्या विज्ञान आश्रमात पाठवून या. डॉ. श्रीनाथ कलबागांनी हिंदुस्तान लिव्हरमधली संशोधनाची नोकरी सोडून १९८३ मध्ये तो सुरू केला. एमआयटीच्या बाहेर सुरू झालेल्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी (संगणकावर चालणाऱ्या यंत्रांनी वस्तू बनवायच्या खुल्या कार्यशाळा) एक तिथे आहे, म्हणजे जी एमआयटी ती अमेरिकेत शोधतेय तिचा एक धागा पुणे जिल्ह्यात सापडेल.

पैशाचं स्पष्ट सांगतो. अशी कामं करणाऱ्या स्वयंसेवी संस्थांमध्ये सुरुवातीचा पगार कमी असतो आणि नोकरी बहुधा प्रकल्पाच्या निधीला बांधलेली. निधी संपला की पुन्हा शोधाशोध. पण स्वस्त वस्तू म्हणजे फक्त संस्था असं नाही. मदुराईची ऑरोलॅब १९९२ पासून मोतीबिंदूच्या लेन्स आयात लेन्सच्या तुलनेत अगदी थोडक्या किमतीत बनवते आणि शंभरावर देशांत पाठवते. तो कारखाना आहे, तिथे इंजिनिअर पगारावर काम करतात. सौरपंप, शेतीची अवजारं, ठिबक, दवाखान्याची उपकरणं यांतही हेच कौशल्य चालतं : कमी भाग, कमी खर्च, सोपी दुरुस्ती.

म्हणून कॅम्पसला बसू दे, तेवढं मात्र तिच्या गळी उतरवा. सॉफ्टवेअरच्या रांगेत नको. पंप किंवा अवजारं बनवणारी एखादी कंपनी आली तर तिच्या उत्पादन किंवा सर्व्हिस विभागात दोनेक वर्षं काढू दे. सर्व्हिस विभाग मुलं टाळतात, पण गिऱ्हाईकाच्या हातात यंत्र कुठे मोडतं ते तिथेच दिसतं. गेट तिसऱ्या वर्षालाही देता येते. वेळापत्रक अधिकृत संकेतस्थळावर पाहून फॉर्म भरा आणि पहिली खेप सरावापुरती समजा.