अमेरिकन बेसबॉलमध्ये कृष्णवर्णीय खेळाडू इतके कमी का?

प्रश्न असा आहे : बास्केटबॉल आणि अमेरिकन फुटबॉलमध्ये कृष्णवर्णीय खेळाडूच जास्त दिसतात, मग बेसबॉलमध्ये ते इतके कमी का? त्यांना या खेळात रस उरला नाही का?

रस उरला नाही, हे उत्तर अमेरिकेतही सर्रास ऐकू येतं. खेळ संथ आहे, हल्लीच्या पोरांना वेग हवा, वगैरे. मला ते अजिबात पटत नाही. मी कॅलिफोर्नियातल्या ओकलंडजवळ राहतो, माझा मुलगा इथेच काही वर्षं बेसबॉल खेळला. जे पाहिलं आणि नंतर वाचलं, त्यावरून माझं मत पक्कं झालं आहे. खेळात वर जाण्याची वाट महाग होत गेली आणि ज्या घरांत पैसा साठलेलाच नव्हता ती मुलं आधी गळाली.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. 15 एप्रिल 1947 रोजी जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्स या संघाकडून मैदानात उतरला आणि मेजर लीगची, म्हणजे बेसबॉलच्या सगळ्यात वरच्या व्यावसायिक लीगची, वर्णबंदी मोडली. बोस्टन रेड सॉक्सने तर पहिला कृष्णवर्णीय खेळाडू संघात घ्यायला 1959 उजाडू दिलं. तरीही प्रमाण वाढत गेलं आणि 1981 मध्ये ते 18.7 टक्क्यांवर पोचलं. (सत्तरच्या दशकात 27 टक्के होते असा आकडा बऱ्याच ठिकाणी सापडेल, त्यात लॅटिन अमेरिकेतले काळे खेळाडूही मोजले आहेत, तेव्हा तो वापरू नका.) 2023 चा हंगाम सुरू झाला तेव्हा हे प्रमाण 6.2 टक्के होतं आणि त्यानंतरही ते सहाच्याच आसपास आहे. 2022 च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे हंगामाच्या अंतिम मालिकेत, ह्यूस्टन आणि फिलाडेल्फिया या दोन्ही संघांत अमेरिकेत जन्मलेला एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. असं याआधी 1950 साली झालं होतं. ह्यूस्टनचे तेव्हाचे मॅनेजर (म्हणजे मुख्य प्रशिक्षक) डस्टी बेकर स्वतः कृष्णवर्णीय. टीव्हीवर काळे चेहरे दिसत होतेच, पण ते क्यूबा आणि डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या खेळाडूंचे होते. हा फरक पुढे महत्त्वाचा आहे.

आता ओकलंडकडे या. वेस्ट ओकलंडमधल्या मॅक्लिमंड्स या एका सरकारी हायस्कूलमध्ये फ्रँक रॉबिन्सन, व्हेडा पिन्सन आणि कर्ट फ्लड असे तीन मोठे आउटफिल्डर (मैदानाच्या बाहेरच्या भागातले क्षेत्ररक्षक) काही वर्षांच्या अंतराने शिकले. बास्केटबॉलचा बिल रसेलही त्याच शाळेचा. फ्रँक रॉबिन्सन 1975 मध्ये क्लीव्हलँडकडून मेजर लीगचा पहिला कृष्णवर्णीय मॅनेजर झाला. फ्लडला 1969 मध्ये सेंट लुईसने न विचारता फिलाडेल्फियाला देऊन टाकलं, तेव्हा त्याने जायला नकार दिला आणि खेळाडूला मालमत्तेसारखं वागवणाऱ्या कराराविरुद्ध सुप्रीम कोर्टापर्यंत लढला. 1972 मध्ये तो हरला, पण आज खेळाडू कोट्यवधी डॉलरचे करार करतात त्यामागे त्याची लढाई आहे. मला हा माणूस फार मोठा वाटतो.

गोदी आणि रेल्वेत राबणाऱ्या कामगारांच्या या वस्तीतून असे खेळाडू कसे घडले? शाळेत जॉर्ज पॉल्स नावाचे शिक्षक होते. तेच शाळेचा संघ शिकवायचे आणि माजी सैनिकांच्या अमेरिकन लीजन या संघटनेच्या मुलांच्या संघालाही तेच शिकवायचे. मैदान महापालिकेचं, प्रशिक्षक शाळेचा पगारदार आणि क्लबांचे स्काउट चांगला मुलगा शोधत तिथे यायचे. घरून फारसं काही द्यावं लागत नव्हतं.

आज स्काउट वस्तीत फारसे येत नाहीत, मुलांनी त्यांच्याकडे जायचं असतं. आठ-नऊ वर्षांच्या मुलांपासून ‘ट्रॅव्हल बॉल’ सुरू होतं : खाजगी संघ, त्याची वार्षिक फी, दर दुसऱ्या शनिवार-रविवारी दूरच्या गावी स्पर्धा, हॉटेल, पेट्रोल, आणि आई-वडिलांपैकी एकाला सुट्टी. चांगली बॅट तीनशे ते पाचशे डॉलरची, ती वर्षा-दोन वर्षांत लहान पडते. वर पिचिंगची (चेंडू फेकण्याची) खाजगी शिकवणी. पुढे ‘शोकेस’ म्हणजे पैसे भरून स्काउटसमोर आपला वेग आणि फटका मोजून दाखवायचा. शाळेचा संघ अजून आहे, पण त्याची अवस्था आपल्याकडच्या अकरावी-बारावीच्या कॉलेजसारखी झाली आहे : नाव तिथे, खरी तयारी क्लासमध्ये. माझ्या मुलाच्या संघात भारतीय, चिनी आणि गोरी मुलं होती, बहुतेकांचे आई-बाप सॉफ्टवेअरमधले. ओकलंड गाडीने अर्ध्या तासावर असूनही तिथलं एकही मूल त्या संघात नव्हतं.

इथे कोणी म्हणेल की हा प्रश्न मग गरिबीचा आहे, वर्णाचा कुठे आला? अमेरिकेत हे दोन्ही वेगळे काढता येत नाहीत. फेडरल रिझर्व्हच्या 2022 च्या पाहणीनुसार गोऱ्या कुटुंबांतल्या अगदी मधल्या (मीडियन) कुटुंबाची कर्ज वजा जाता मालमत्ता सुमारे 2,85,000 डॉलर, तर कृष्णवर्णीयांतल्या तशाच मधल्या कुटुंबाची सुमारे 45,000. कर्ज नाकारणं, ठरावीक वस्त्यांबाहेर घर घेऊ न देणं, हे सगळं कायद्याच्या आशीर्वादाने पिढ्यान्‌पिढ्या चाललं, त्यातून हा फरक आला. ट्रॅव्हल बॉल पगारातून भागत नाही, त्याला साठवलेला पैसा लागतो.

कॉलेजची शिष्यवृत्ती ही पुढची पायरी. वर्षानुवर्षं वरच्या श्रेणीच्या कॉलेजला फुटबॉलसाठी 85 पूर्ण शिष्यवृत्त्या देता येत, बेसबॉलच्या अख्ख्या संघासाठी मात्र 11.7, आणि त्या 27 मुलांत तुकडे करून वाटायच्या. दोन्ही खेळांत हुशार असलेल्या गरीब मुलाने काय निवडावं? 2013 मध्ये एमव्हीपी (हंगामातला सर्वोत्तम खेळाडू) ठरलेला अँड्र्यू मकचन हा फ्लोरिडातल्या फोर्ट मीड या छोट्या गावचा. त्याने 2015 मध्ये स्वतः लिहिलं आहे की पंधराव्या वर्षी गुडघा दुखावला नसता तर तो बहुधा फुटबॉलकडेच गेला असता. 2025 पासून ही मर्यादा उठली, पण संघ 34 जणांचा ठरला. पैसे वाढले, जागा आटल्या.

ज्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं ते आता सांगतो. डॉमिनिकन मुलाला क्लब सोळाव्या वर्षी करारबद्ध करू शकतो, त्यामुळे सगळ्या 30 क्लबांनी तिथे अकादम्या काढल्या आहेत. राहणं, जेवण, प्रशिक्षण क्लबच्या खर्चाने. अमेरिकन मुलगा मात्र ड्राफ्टमधूनच जातो, म्हणजे क्लब पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या निवडीतून. एखाद्या क्लबने ओकलंडच्या मुलावर पाच वर्षं खर्च केला तरी ड्राफ्टच्या दिवशी त्याला दुसराच क्लब उचलू शकतो. मग त्याच्यावर गुंतवणूक कोण करेल? म्हणून अमेरिकेत मुलाला घडवण्याचा खर्च कुटुंबावर ढकलला गेला. डॉमिनिकन मुलांचं सगळं छान चाललंय असं मात्र समजू नका. त्यांतले बहुतेक मेजर लीगपर्यंत पोचतच नाहीत आणि शाळा केव्हाच सुटलेली असते.

लीग काहीच करत नाही असंही नाही. शहरी वस्त्यांसाठीचा ‘आरबीआय’ हा कार्यक्रम 1989 मध्ये लॉस एंजेलिसमध्ये सुरू झाला, कॉम्प्टनमध्ये 2006 पासून मोफत अकादमी आहे. 2022 च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या पाचांत चार कृष्णवर्णीय खेळाडू होते आणि चौघेही लीगच्याच ‘ड्रीम सिरीज’ शिबिरातून गेलेले. सगळीकडे आनंदाच्या बातम्या झाल्या. मलाही आनंद झाला, त्यांतल्या कुमार रॉकरची आई भारतीय वंशाची म्हणून जरा जास्तच.

पण त्यांची घरं बघा. ड्रू जोन्सचे वडील अँड्रू जोन्स मेजर लीगचे मोठे खेळाडू. रॉकर आणि एलायजा ग्रीन या दोघांचे वडील व्यावसायिक फुटबॉल खेळलेले. पहिला निवडला गेलेला जॅक्सन हॉलिडे गोरा, त्याचेही वडील मेजर लीगचे. पाचांत व्यावसायिक खेळाडूचा मुलगा नसलेला एकटाच, अटलांटाच्या मेज हायस्कूलचा टर्मार जॉन्सन. येत्या ड्राफ्टमध्ये किती टक्के कृष्णवर्णीय, हा आकडा मी बघेनच. त्याआधी मात्र त्यांतले टर्मारसारखे किती, हे मोजेन.