घडणावळ कुठे लिहिली?

"मॅडम, हाताला कला आहे, सगळे नावाजतात, पण धंदा करायचा म्हटलं की छातीत धडधडतं." जळगावात माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या कितीतरी जणींनी हेच सांगितलंय. कोणी पापड-कुरडया करतं, कोणी ब्लाउजवर आरी वर्क, कोणी मोत्यांचे दागिने. त्यातल्या एकीची हकीकत सांगते. नाव-तपशील बदललेत, मनीषा म्हणू या.

मनीषा आली होती झोप लागत नाही म्हणून. सात वर्षं ती नथी, तन्मणी, रेशमी बांगड्या करतेय. यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, माहेरवाशिणी जमल्या आणि हसतखेळत सतरा नथी घेऊन गेल्या. एकीने पर्स उघडली, तर मामेसासू म्हणाल्या, "घरनंच शे ना, पैसा काबरं?" (घरचंच आहे ना, पैसे कशाला?) मनीषाही म्हणाली, "हो ना, राहू द्या." आणि रात्री पोरांवर ओरडली.

पहिल्या दोन भेटींत मला वाटलं, हिला भांडवल बुडायची भीती आहे. तो माझा अंदाज चुकला. तिसऱ्या भेटीत तिला सामान घेऊन यायला सांगितलं. माझ्या टेबलावर रुमाल अंथरून ती नथ करायला बसली. बारीक तार पक्कडीने वळवायची, एकेक मोती ओवायचा, मधे लाल खडा, मग मागून गाठ आवळायची. तर्जनीच्या बाजूला पक्कडीचा घट्टा पडलेला. पन्नास मिनिटं लागली.

"ही मी घेतेय. किती द्यायचे?"

"तुमच्याकडून काय घ्यायचं, मॅडम!"

"बाहेर माझी फी भरलीत ना? मी म्हटलं का, राहू द्या?"

"तुमची गोष्ट वेगळी. तुम्ही शिकलेल्या."

"आणि ही नथ तुम्ही कधी शिकलात?"

ती बराच वेळ गप्प बसली. मीही बोलले नाही. अशा वेळी गप्प राहता येणं मी वर्षानुवर्षं शिकत आलेय. मग डोळे भरून म्हणाली, "पैसे मागितले तर लोकं म्हणतीन, ही बदलली. मी सगळ्यांना चांगलीच वाटली पाहिजे ना."

त्या 'च'मध्ये सगळं अडकलं होतं. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीने मी काम करते, आणि माझा अनुभव असा की मराठी माणसाचं अर्धं दुःख या एका अक्षरात सापडतं. चांगली वाटावी ही इच्छा. चांगलीच वाटली पाहिजे ही सक्ती. इच्छा पुरी झाली नाही तर वाईट वाटतं, पण माणूस मोडत नाही.

मी विचारलं, "याच मामी सराफाकडे जातात तेव्हा बिलात सोन्याच्या भावाशिवाय काय असतं?"

"घडणावळ."

"देतात?"

"कुरकुरतात. पण देतात."

"मग तुमची घडणावळ कुठे लिहिलीय?"

जळगावसारख्या सुवर्णनगरीत वाढलेल्या बाईला हे मी शिकवायची गरजच नव्हती. ती हसली, वही मागितली. साहित्य ४२ रुपये. हाताचे, तासाला १०० धरून, ८३. डबी-पिशवी १०, तुटफूट ८. झाले १४३. मजुरी म्हणजे नफा नव्हे, हे तिला दोनदा सांगावं लागलं. वर ३७ नफा धरून १८०. तो आकडा ती खाली बघून बोलली. मी पुन्हा बोलायला लावलं, माझ्याकडे बघून, आणि पुढे एकही शब्द न जोडता. 'पण तुम्हाला कमी करते' हे शेपूट गळायला सहा वेळा लागल्या.

अशा अडलेल्या प्रत्येकीला मी सांगते: कर्जाची घाई नको. मुद्रा योजनेत 'शिशु' गटात ५०,००० रुपयांपर्यंत तारणाशिवाय मिळतात हे खरं, पण आधी दहा अनोळखी गिऱ्हाइकांना पूर्ण भावात विकून बघा. छोट्या धंद्याची सरकारी 'उद्यम' नोंदणी ऑनलाइन फुकट होते, तिच्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. मोती प्लास्टिकचा असेल तर तसं स्पष्ट सांगा. हंगाम ओळखा: लग्नसराई, आखाजी, श्रावणातला कानबाईचा सण. घरच्यांना फुकट द्यावंसं वाटलं तर जरूर द्या, मनापासून द्या. फक्त देण्याआधी स्वतःशी ठरवा की ही भेट आहे, आणि वहीत तशी लिहा. न विचारता नेलेली वस्तू भेट होत नाही, तिचा सल राहतो.

मनीषा भाव सांगू लागल्यावर एक नणंद रुसली, अजून बोलत नाही. मनीषाला त्याचं वाईट वाटतं, पण झोप लागते. कानबाईच्या आठवडाभर आधी मामेसासू आल्या. कानबाई म्हणून पुजायच्या नारळाला घालायला नथ हवी होती, आणि सुनांना तीन. मनीषा म्हणाली, "मामी, कानबाईची माझ्याकडून. बाकीच्या तिन्हींचे पाचशे चाळीस." मामी थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिल्या. मग कमरेची पिशवी सोडली.

वही ती मला दाखवायला घेऊन आली होती. कानबाईच्या नथीपुढे लिहिलं होतं: भेट, १४३.